गाळलेल्या ओळी

१९९४ सालच्या दिवाळीत तालुक्यातल्या एका अंकात माझा लेख छापून आला. मथळा होता 'सिंहासनावरचा प्राध्यापक', विषय पोर्तुगालचा सालाझार. अंक हातात पडल्यावर मी तो एका बैठकीत तीनदा वाचला आणि एक प्रत पेडण्याला आतेकडे पाठवली. त्या लेखात काय चुकलं आणि ते चुकलं हे कळायला मला किती वर्षं लागली, ते आज सांगायचं आहे. आते आता नाही. तिच्या हयातीत सांगायला हवं होतं.

मी वेंगुर्ला तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बुककीपिंग आणि अर्थशास्त्र शिकवत असे. घर शिरोड्याजवळ. इथून रेडी ओलांडली की तेरेखोलचा किल्ला लागतो. तो खाडीच्या अलीकडे, आमच्याच काठावर आहे, पण गोव्याचा. आरोंद्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर किरणपाणी दिसतं. आमच्या पंचक्रोशीत पलीकडे लेक दिलेली नाही, असं घर विरळा. माझी आते १९४६ मध्ये होडीत बसून सासरी गेली तेव्हा तो परका देश होता. आजोबांच्या लेखी मात्र ते खाडीपलीकडचं गाव होतं.

त्या अमदानीच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. पाकल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, राज्यात काय स्वस्ताई होती, घड्याळं कशी मिळत, ब्लेड आणि नायलॉनचं कापड रात्रीच्या होडीतून इकडे कसं उतरे, हे सांगताना म्हाताऱ्यांचे डोळे चमकत. "थंय चोरी नाय होती, दाराक कडी लावूची नाय लागायची," हे वाक्य मी निदान दहा तोंडांतून ऐकलं असेल. गोवा मुक्त होऊन तीस वर्षं उलटली तरी ते वाक्य आमच्याकडे शिळं झालं नव्हतं. मला ते पटायचं. पटण्याची तयारी आधीच झालेली होती.

ती कुठे झाली तेही सांगतो. १९७६ मध्ये, आणीबाणीत, कॉलेजात असताना 'शिस्त आणि राष्ट्राची प्रगती' या विषयावर वक्तृत्व स्पर्धा होती. मी बोललो. गाड्या वेळेवर धावतात, कचेरीत साहेब जागेवर सापडतात, संप बंद झाले, भाव उतरले. पहिलं बक्षीस मिळालं. त्या वेळी आमचे खासदार मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात याच माणसाने पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्ला होता. आमच्या घरी सगळ्यांना हे माहीत होतं. माझ्या भाषणात त्यांचं नाव नव्हतं. भीतीने गाळलं असतं तर आज मला थोडं हलकं वाटलं असतं. पण ते आठवलंच नाही, इतका मी माझ्या मुद्द्यांनी भारलेला होतो.

अठरा वर्षांनी सालाझारवर लिहिताना मनाची ठेवण तीच होती. फक्त आता हाताशी आकडे होते, आणि हिशेब शिकवणाऱ्या माणसाला सालाझार भुरळ घालतोच. त्याची कथाच तशी आहे. खेड्यातला मुलगा, कोइंब्रा विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक, सडाफटिंग, साधा. पोर्तुगालात १९१० मध्ये प्रजासत्ताक आलं आणि पुढच्या सोळा वर्षांत सरकारं पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळत राहिली. २८ मे १९२६ ला लष्कराने सत्ता घेतली. सेनापतींना राज्य घेता आलं, पण तिजोरी सांभाळता येईना. त्यांनी या प्राध्यापकाला अर्थमंत्री केलं. हवे ते अधिकार मिळत नाहीत हे बघून तो काही दिवसांत परत गेला. एप्रिल १९२८ मध्ये पुन्हा बोलावणं आलं तेव्हा त्याने अट घातली, की प्रत्येक खात्याचा खर्च मी ठरवून दिलेल्या मर्यादेत राहील आणि वाढीव खर्चाला नाही म्हणण्याचा हक्क माझा. अट मान्य झाली. त्याने कर वाढवले, खर्च छाटला आणि पहिल्याच वर्षी तुटीचा अर्थसंकल्प शिलकीत आणला. त्यानंतर शिल्लक मोडली नाही.

मी या अटीवर एक अख्खं पान लिहिलं होतं. प्रत्येक ग्रामपंचायतीला असा एक माणूस मिळायला हवा, असंही वाक्य होतं. आज तेच पान वाचताना दिसतं की सत्ता कशी हाती घ्यावी याचा तो पहिला धडा होता, आणि मी तो काटकसरीचा धडा म्हणून वाचला. ज्याच्या सहीशिवाय कुठल्याच खात्याचा पैसा हलत नाही, त्याला बंड करावं लागत नाही. मुसोलिनीचे काळे शर्टवाले १९२२ मध्ये रोमवर चालून गेले. सालाझारने एकही मोर्चा काढला नाही. किल्ल्या त्याच्या कमरेला आल्या आणि सेनापतींना हळूहळू कळलं की घर आता त्याचं आहे. १९३० मध्ये 'युनियाव नॅसियोनाल' ही एकच संघटना उभी राहिली. बाकी पक्षांना जागा उरली नाही. जुलै १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला. मार्च १९३३ मध्ये नव्या राज्यघटनेवर मतदान घेतलं, आणि जे मतदानाला आलेच नाहीत त्यांची गणती होकारात केली.

हे शेवटचं मला तेव्हाही माहीत होतं. माझ्या टिपणवहीत ते आहे. लेखात मी फक्त 'जनतेने कौल दिला' एवढंच लिहिलं. विद्यार्थ्याने ताळेबंदात अशी नोंद केली असती तर मी तांबड्या शाईने गोल केला असता.

कामगारांविषयीही असंच. सप्टेंबर १९३३ च्या श्रम कायद्याने संप बेकायदा ठरला, स्वतंत्र कामगार संघटना मोडल्या आणि सरकारमान्य 'सिंदिकातु' आल्या. मालकांसाठी 'ग्रेमियु' होते. मालक, मजूर आणि सरकार एका कुटुंबासारखे बसतील, अशी ती कल्पना. इटलीच्या १९२७ च्या श्रमसनदेवरून बेतलेली. मी तिला 'वर्गसंघर्षाऐवजी सहकार' असं नाव दिलं. कुटुंब कसं होतं, ते जानेवारी १९३४ मध्ये दिसलं. या कायद्याविरुद्ध संप झाला, मारिन्या ग्रांदे नावाच्या काच कारखान्यांच्या गावात कामगारांनी काही तास गाव ताब्यात घेतलं आणि मग धरपकड झाली. १९३६ मध्ये केप व्हर्दे बेटांवर ताराफालची छावणी उघडली. तिथे पाठवलेल्या पहिल्या कैद्यांत हे काच कामगार होते. नवा कारखाना काढायचा तर १९३१ पासून सरकारची परवानगी लागे. त्यामुळे ज्यांचे कारखाने आधीच होते त्यांना स्पर्धक उरला नाही. मजुरी वाढत नव्हती, मागणारा गप्प केलेला, आणि शिल्लक पडत होती. १९३० मध्ये त्या देशात दहातली सहा माणसं निरक्षर होती. साठीच्या दशकात लोक लाखोंनी सीमा ओलांडून फ्रान्समध्ये मजुरीला गेले. १९७४ मध्ये ती राजवट पडली तेव्हा लिस्बनच्या तिजोरीत आठशे टनांहून अधिक सोनं होतं.

पोर्तुगालची वसाहत असलेल्या मोझांबिकच्या शेतकऱ्यांना कापूस सक्तीने पेरावा लागे आणि सरकारने ठरवलेल्या पडत्या भावाने द्यावा लागे. लिस्बनच्या गिरण्यांचा नफा त्यातून यायचा. पोरांना उपाशी ठेवूनही घरखर्चात शिल्लक पाडता येते, हे माझ्या आईला न शिकता कळत होतं. मी पदवी घेऊन विसरलो.

इथे थोडं थांबून एक सांगतो. ही चूक करणारा मी पहिला मराठी माणूस नव्हे. विशीच्या-तिशीच्या दशकांत पुण्या-मुंबईच्या मराठी वर्तमानपत्रांत इटलीच्या शिस्तीचं कौतुक छापून येत होतं. डॉ. बा. शि. मुंजे तर मार्च १९३१ मध्ये रोमला जाऊन मुसोलिनीला भेटून आले. पारतंत्र्यातल्या माणसाला शिस्तीची भूक असते, हे मी समजू शकतो. मी मात्र स्वतंत्र देशात लिहीत होतो आणि त्या राजवटीखाली जगलेली बाई माझ्या वडिलांची सख्खी बहीण होती.

लेखासाठी मी तिच्याकडे दोन दिवस राहिलो होतो. कुळागरातल्या पोफळींच्या सावलीत ती सुपारी सोलत बसे आणि मी वहीत लिहून घेई. मी प्रश्न विचारले ते असे: तांदूळ कुठून यायचा? किती स्वस्त होता? चोऱ्या होत होत्या का? तिने उत्तरं दिली. १९५५ मध्ये भारताने नाकेबंदी केली, सीमा बंद झाली, तेव्हा पेडण्याच्या बाजारात हॉलंडचे बटाटे आले, घर बांधायला जपानचं सिमेंट आलं. आयात मालावर बंधन नव्हतं. पैसा डिचोली-सत्तरीच्या लोखंडाच्या खाणींतून येत होता. खनिज जपानला जायचं आणि मुरगाव बंदरात बोटी रांगेत उभ्या असायच्या. शिवाय मुंबईला आणि आखातात गेलेल्या गोंयकारांच्या मनिऑर्डरी. १९५८-५९ मध्ये रुपया जाऊन एस्कुदो आला, एका रुपयाला सहा. शेतकरी होता तिथेच होता. बटाटा परदेशचा मिळे, पण गावात वीज नव्हती.

मग न विचारता तिने आतोबांची हकिकत सांगितली. मी तीही लिहून घेतली, पावणेदोन पानं. लेखाची पक्की प्रत करताना ती गाळली. लेखाचा ओघ तुटतो, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण असं, की ती दोन पानं आत आली असती तर बाकीची आठ उभी राहिली नसती. 'चोरी नाय होती' हे तिचं वाक्य तेवढं ठेवलं, अवतरणचिन्हांत.

सालाझारच्या सेन्सॉरकडे निळी पेन्सिल असे. वर्तमानपत्राचं प्रत्येक पान छापण्याआधी त्याच्याकडे जायचं. गोव्यात तर लग्नपत्रिकासुद्धा आधी कचेरीत दाखवावी लागे. ते मला आतेनेच सांगितलं होतं आणि ते मी 'गमतीदार आठवण' म्हणून छापलं होतं. तिची पावणेदोन पानं खोडली त्या दिवशी माझ्या हातातही तीच पेन्सिल होती.

अंक पोचल्यावर तिने नातीकडून लेख वाचून घेतला. पुढच्या शिमग्याला ती माहेरी आली तेव्हा म्हणाली, "बरा लिवलंस. पण मी तुज्या आतोबाचा सांगल्लंय तां खंय गेला?" मी म्हटलं, "जागा कमी पडली गो." ती काही बोलली नाही. सोलकढीची वाटी पुढे सरकवली. २००३ मध्ये ती गेली.

डोळे उघडले ते एका विद्यार्थ्यामुळे. तो बांद्याचा. प्रकल्पासाठी पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकाची माहिती घेऊन आला होता. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातले सत्याग्रही बांद्याहून पत्रादेवीच्या नाक्यावर चालत गेले. हातात तिरंगा, शस्त्र नाही. पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. पंजाबचा कर्नेल सिंग बेनिपाल तिथे पडला. त्या दिवशी गोव्याच्या सीमांवर वीसहून अधिक माणसं मेली. माझे वडील तेव्हा बांद्यात होते. जखमींना आणताना बैलगाडीच्या तळाला साकळलेलं रक्त ते मरेपर्यंत विसरले नाहीत. मी मुलाला हे सगळं भरभरून सांगितलं. त्याने विचारलं, "सर, गोळ्या झाडायचा हुकूम कोणी दिला?"

"पोर्तुगीजांनी."

"पोर्तुगीज म्हणजे कोण, सर? त्यांचा पंतप्रधान कोण होता तेव्हा?"

मी उत्तर दिलं. नाव उच्चारलं आणि गप्प झालो. बारा वर्षांपूर्वी त्याच नावाचा गौरव मी लिहिला होता, आणि पत्रादेवीच्या गोळीबारावर दर १५ ऑगस्टला भाषण करत होतो. ही दोन माणसं एकच आहेत, हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माहीत होतं. पण डोक्यात दोन वेगळ्या खतावण्या होत्या. एकीत काटकसरी प्राध्यापक, दुसरीत क्रूर फिरंगी, आणि एकीतली नोंद दुसरीत कधी खतवली नव्हती.

दुसरी चूक यातूनच निघते. वर्गात फॅसिझमचा विषय निघाला की मी इटली आणि जर्मनीच सांगत असे. सालाझार त्यात बसत नाही, असं माझं मत होतं, कारण तो ओरडत नव्हता. इतिहासकारांतही यावर वाद आहे आणि त्यात मी पडत नाही. पण १९३३ मध्ये त्याने गुप्त पोलीस उभे केले. तेच पुढे 'पिदे' झाले. १९३६ मध्ये मुलांची 'मोसिदादि' आणि मोठ्यांची 'लेजियाव' निघाली, हिरवे शर्ट, उजवा हात पुढे करून सलाम. खाडीच्या पलीकडे हे होतं, आणि मी पोरांना म्युनिकचे नकाशे काढायला लावत होतो.

मग मी पुन्हा वाचायला बसलो, सुट्टीत पणजीच्या ग्रंथालयात जाऊन. माझ्याच गावापासून सुरुवात केली. मे १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरावर सत्याग्रह झाला. लाठ्या पडल्या, लोक तुरुंगात गेले. इंग्रज काही साधू नव्हते, त्याच वर्षी त्यांनी छापखान्यांवर वटहुकूम काढला होता. तरी माणसं हजारोंनी जमू शकली. दोनच महिन्यांनी, जुलै १९३० मध्ये, सालाझारचा वसाहत कायदा आला. त्यात वसाहती बाळगणं आणि तिथल्या लोकांना सुसंस्कृत करणं हे पोर्तुगाल राष्ट्राचं मूळ कार्यच आहे, असं लिहिलं होतं. गोव्याच्या विधिमंडळात लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी त्याविरुद्ध ठराव मांडला आणि गोमंतकीयांचा स्वयंनिर्णयाचा हक्क ठासून सांगितला. त्यांचं 'प्रकाश' पत्र पुढे बंद पाडलं गेलं. माझ्या लेखात मिनेझिस ब्रागांझा नव्हते. त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हाही नव्हते, ज्यांना १९४६ मध्ये लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालच्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवलं. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांची सभा झाली तेव्हा परवानगीशिवाय सभा घेणं हाच गुन्हा होता.

डॉ. पुंडलिक गायतोंड्यांचं वाचलं तेव्हा पुस्तक मिटून मी बाहेर मांडवीच्या काठावर जाऊन बसलो. फेब्रुवारी १९५४. एका मेजवानीत कोणीतरी गोवा हा पोर्तुगालचाच भाग आहे असं भाषण केलं. हा शल्यविशारद एवढंच म्हणाला, की मी निषेध करतो. त्याला अटक करून पोर्तुगालला नेलं. एका वाक्यासाठी. गोवा मुक्तिसंग्रामातले मोहन रानडे तर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालमधल्या काशियशच्या किल्ल्यात होते. ते १९६९ मध्ये सुटले. गोव्यात कैद्यांचे हाल करण्यासाठी कुप्रसिद्ध असलेला काझिमिरु मोंतेरु पुढे पिदेच्याच पथकातून युरोपात गेला आणि १९६५ मध्ये सालाझारचे विरोधक जनरल देल्गादु यांच्या खुनात त्याचं नाव आलं. तेव्हा उलगडलं की गोव्यातला जुलूम काही दूरच्या अंमलदारांचा उद्दामपणा नव्हता. लिस्बनमध्ये तेच होतं, मारिन्या ग्रांदेमध्ये तेच, म्हापशाच्या कोठडीत तेच.

गप्पपणाला मी शांतता समजलो होतो. स्वस्ताई होती, आते खोटं बोलत नव्हती. पण ती राजवटीच्या अर्थकारणाचं फळ म्हणून मी दाखवली, आणि खरं तर नाकेबंदीत लोक बिथरू नयेत म्हणून दारं सताड उघडून माल आणला जात होता.

२००७ मध्ये मी त्या अंकाच्या संपादकांना भेटून खुलासा छापण्याची विनंती केली. अंक बंद झाला होता. मग दरवर्षी अकरावीच्या वर्गात एक तास मी माझा लेख वाचायला देऊ लागलो आणि त्यातल्या गाळलेल्या जागा मुलांकडून शोधून घेऊ लागलो. मतदानाची जागा मुलं लवकर पकडत. आतेच्या दोन पानांची जागा कोणालाच सापडत नसे, सापडणार कशी? मीही ती सांगत नसे. तेवढं धैर्य आलं नाही.

वही अजून आहे. कोपरे वाळवीने खाल्लेत, पण शाई शाबूत आहे. आतोबांचं पेडण्याला छोटं दुकान होतं. साल १९५५, नाकेबंदीच्या सुरुवातीचं. आते बोलली तसंच तेव्हा उतरून घेतलं होतं, तसंच देतो:

"आरोंद्यासून एक झील इलो. तांदूळ घेतल्यान नि गेलो. कागद थंयच टाकून गेलो. तुज्या आतोबान तेका मीठ बांधल्यान. तो कागद पत्रक होता, आझाद गोमंतकाचा काय कोणाचा, आतोबाक वाचूकय नाय. तिसऱ्या दिसा रातचे इले, जीप घेवन. सतरा दिवस म्हापशाक ठेवल्यानी. भोकां पाडलेली फळी असता ना, तेणी तळहातार मारीत. घराक इले तेवा हात काळेनिळे, सुजान माडाच्या पोयेसारे. म्हयनाभर माज्या हातान घास भरवलंय. मगे परत दुकानात बसले, पण गिरायकाबरोबर बोलनत नाय. भाव इचारलो तर बोटान दाखवीत. पाकले गेले, तिरंगो लागलो, तरीय. मरासर मोजूनच बोलले. तू चोरीचा इचारतंस. नाय होती रे चोरी. पण रातचा दार वाजला काय, आमी दोगांय अंथरुणात बसान देवाक सांगू, देवा, चोरच असांदे."